घरगुती फर्नेस व वातानुकूलन यंत्रणेची बदली

घरगुती फर्नेस व वातानुकूलन यंत्रणेची बदली म्हणजे हिवाळ्यात घर उबदार ठेवणारी जुनी फर्नेस आणि उन्हाळ्यात ते थंड ठेवणारा मध्यवर्ती वातानुकूलक काढून त्यांच्या जागी नवी यंत्रणा बसवणे होय. हा विषय मुख्यतः अमेरिका व कॅनडा या देशांतील घरांशी निगडित आहे. तेथील पुष्कळ घरांत एकाच पंख्याने व एकाच वाहिनीजालातून गरम किंवा थंड हवा सर्व खोल्यांत पोहोचवली जाते. नव्या यंत्रणेची निवड करताना तिची क्षमता, कार्यक्षमता, इंधन, प्रशीतक, हवावाहिन्यांची स्थिती आणि धूर बाहेर नेण्याची व्यवस्था यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

रचना

गॅस फर्नेसमध्ये ज्वलनातून निघणारे उष्ण वायू धातूच्या उष्णता विनिमयकातून जातात. पंख्याने ओढलेली घरातील हवा या विनिमयकाच्या बाहेरील पृष्ठभागावरून वाहत तापते. ज्वलनवायू तिच्यात न मिसळता घराबाहेर सोडले जातात. वातानुकूलकाचा कॉम्प्रेसर घराबाहेरील पेटीत असतो, तर हवा थंड करणारी कॉइल बहुधा फर्नेसला जोडूनच बसवलेली असते. दोहोंसाठी पंखा एकच असल्यामुळे एका भागातील बदलाचा परिणाम दुसऱ्यावर होतो. वातानुकूलकाची प्रमाणित कार्यक्षमता आतील व बाहेरील भागांच्या विशिष्ट जोडीसाठी मोजलेली असते. त्यामुळे केवळ बाहेरील पेटी बदलून जुनी कॉइल तशीच ठेवल्यास ती कार्यक्षमता मिळेलच असे नाही.

बदलीची कारणे

फर्नेस साधारणतः १५ ते २० वर्षे चालते. वातानुकूलकाचे आयुष्य सहसा त्याहून काहीसे कमी असते. मात्र केवळ वय हे बदलीचे पुरेसे कारण नाही. कपॅसिटर, प्रज्वलक किंवा ज्योत-संवेदक यांसारखे भाग स्वतंत्रपणे बदलता येतात. याउलट उष्णता विनिमयकाला तडा गेल्यास ज्वलनवायू घरातील हवेत मिसळण्याचा धोका असतो. त्यांतील कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन व प्राणघातक वायू असल्याने अशी फर्नेस तत्काळ बंद करणे आवश्यक ठरते. आर-२२ हे प्रशीतक वापरणाऱ्या जुन्या वातानुकूलकांची अडचण निराळी आहे. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून या प्रशीतकाचे नवे उत्पादन व आयात बंद झाली असून दुरुस्तीसाठी केवळ शिल्लक किंवा पुनर्प्राप्त साठा वापरता येतो.

क्षमता

फर्नेसची क्षमता ताशी ‘बीटीयू’ या एककात, तर वातानुकूलकाची ‘टन’ या एककात सांगितली जाते. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, अर्थात सुमारे ३.५ किलोवॉट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढ्या दराने उष्णता शोषतो, त्यावरून हे एकक आले आहे.

जुन्या यंत्राच्या आकड्याइतकेच नवे यंत्र घेणे ही वारंवार होणारी चूक आहे. जुने यंत्र मुळातच गरजेपेक्षा मोठे असू शकते; शिवाय मधल्या काळात खिडक्या बदलल्या असल्यास किंवा छताखाली उष्णतारोधक थर घातला असल्यास घराची गरज घटलेली असते. अमेरिकेतील वातानुकूलन कंत्राटदारांच्या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या ‘मॅन्युअल जे’ या पद्धतीत स्थानिक हवामान, भिंती व छताचे उष्णतारोधन, खिडक्यांचे आकारमान व दिशा आणि फटींतून येणारी हवा यांवरून प्रत्येक घराचा उष्णताभार काढला जातो. केवळ क्षेत्रफळावरून हा भार ठरत नाही. मिनीॲपोलिस आणि अटलांटा येथील समान क्षेत्रफळाच्या घरांची हिवाळी गरज अगदी भिन्न असते.

गरजेपेक्षा मोठा वातानुकूलक खोली लवकर थंड करून बंद पडतो. त्यामुळे हवेतील बाष्प पुरेसे निघत नाही व घर थंड असूनही दमट राहते. वारंवार चालू-बंद होण्याने यंत्राची झीजही वाढते.

फर्नेसच्या पाटीवरील इंधनग्रहण व प्रत्यक्ष मिळणारी उष्णता यांतही फरक असतो. ताशी ८०,००० बीटीयू इंधन घेणारी ८० टक्के कार्यक्षमतेची फर्नेस ६४,००० बीटीयू उष्णता देते. तेवढेच इंधन घेणारी ९५ टक्के कार्यक्षमतेची फर्नेस ७६,००० बीटीयू देते. म्हणून कार्यक्षमता वाढवताना इंधनग्रहणाचा आकडा तोच ठेवल्यास यंत्र आपोआप मोठे होते.

कार्यक्षमता

फर्नेसची वार्षिक इंधन कार्यक्षमता टक्क्यांत सांगतात. अमेरिकेत घरात बसवायच्या गॅस फर्नेससाठी २०१५ पासून किमान मर्यादा ८० टक्के आहे. ६० टक्के कार्यक्षमतेच्या जुन्या फर्नेसऐवजी ९५ टक्क्यांची बसवल्यास तेवढ्याच उष्णतेसाठी सुमारे ३७ टक्के कमी इंधन लागते. मूळ फर्नेस ८० टक्क्यांची असल्यास बचत सुमारे १६ टक्केच होते. त्यामुळे जादा किंमत वसूल होण्यास लागणारा काळ जुन्या यंत्रावर, हिवाळ्याच्या तीव्रतेवर व गॅसच्या दरावर अवलंबून असतो.

वातानुकूलकासाठी २०२३ पासून ‘सीअर-२’ हे हंगामी मानांकन लागू आहे. याची चाचणी वाहिन्यांतील अधिक दाब गृहीत धरून होते. त्यामुळे जुन्या ‘सीअर’ आकड्यांशी त्याची थेट तुलना करता येत नाही. उत्तरेकडील राज्यांत किमान मूल्य १३.४ आहे, तर उष्ण दक्षिण भागात ते अधिक आहे.

धूर व वाहिन्या

९० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेच्या फर्नेसमध्ये ज्वलनातील बाष्प द्रवरूप करून त्याची सुप्त उष्णताही वापरली जाते. तिचा थंड धूर प्लास्टिकच्या नळीने बाहेर नेतात व आम्लधर्मी पाण्यासाठी निचरा द्यावा लागतो. पूर्वी फर्नेस व पाणी तापवणारे गॅसयंत्र एकाच धुराड्याला जोडलेले असल्यास, बदलीनंतर त्या एकट्या यंत्रासाठी धुराडे फार मोठे ठरते. धूर वर न चढता घरात परतण्याची शक्यता असल्याने धुराड्यात योग्य मापाची नळी बसवणे किंवा ते यंत्रही बदलणे आवश्यक असते.

गळक्या किंवा अरुंद वाहिन्यांमुळे उत्तम यंत्रही निकृष्ट फळ देते. म्हणून बदलीच्या वेळीच गळती व हवेचा दाब तपासतात.

पर्याय व प्रशीतके

हीट पंप हे यंत्र प्रशीतकाचा प्रवाह उलटवून उन्हाळ्यात थंडावा व हिवाळ्यात ऊब देते. ते उष्णता निर्माण न करता बाहेरील हवेतून आत आणते. म्हणून सौम्य थंडीत खर्च केलेल्या विजेच्या दुप्पट-तिप्पट उष्णता मिळू शकते. तीव्र थंडीत त्याची क्षमता घटत असल्याने काही घरांत गॅस फर्नेस जोडीला ठेवली जाते.

आर-४१०ए या प्रशीतकाचे जागतिक तापन मूल्य २,०८८ आहे. अमेरिकेत १ जानेवारी २०२५ पासून नव्या घरगुती यंत्रणांच्या उत्पादनासाठी ७०० ही कमाल मर्यादा असल्याने आर-३२ व आर-४५४बी ही प्रशीतके प्रचारात आली. ती सौम्य ज्वलनशील असून त्यांच्या मूल्यांचे आकडे अनुक्रमे ६७५ व ४६६ आहेत.