नेल गन घेताय? आधी खिळा बघा, मग हवा, मग ट्रिगर. किंमत सगळ्यात शेवटी!



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण हवेवर चालणारी फ्रेमिंग नेलर, म्हणजे मोठी नेल गन, चालवून बघितली. असा व्हिडिओ टाकला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, स्वस्तात कोणती मिळेल?" त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून पूर्ण हिशोब इथे लिहितोय.

ही गन नक्की कोणासाठी?

मुळात हे हत्यार अमेरिकेतल्या घरबांधणीत रुळलेलं. तिकडे बऱ्याच घरांचा सांगाडाच लाकडाचा असतो, त्यामुळे साधारण ५० ते ९० मिमीचे खिळे धडाधड मारावे लागतात. आपल्याकडे घर आरसीसीचं. पण चाकण, भोसरी, वाळूज पट्ट्यात पॅलेट आणि मशिनच्या पेट्या बनवणारे, शूटिंगचे आणि प्रदर्शनाचे सेट उभारणारे, यांना हीच ताकद लागते.

तुम्ही फर्निचरला पट्ट्या मारत असाल तर ही गन घेऊ नका, छोटी ब्रॅड नेलर पुरते. आणि काँक्रीटवर तर ही अजिबात चालवायची नाही. खिळा उलटा उडतो.

१. आधी खिळा ठरवा

साधा नियम: वरची फळी जेवढी जाड, त्याच्या तिप्पट लांबीचा खिळा. फळी २० मिमीची तर खिळा ६० मिमीच्या आसपास. फक्त खालून टोक बाहेर येणार नाही ना, ते तपासा.

लाकूड ओलं असेल तर गुळगुळीत खिळा घेऊ नका. लाकूड वाळलं की तो सैल होतो आणि पॅलेट परत येतो. रिंगवाला किंवा स्क्रूसारखा पीळ असलेला खिळा घ्या.

मग गनचा प्रकार. कॉइलवाल्या गनमध्ये एका वेळी साधारण २०० ते ३०० खिळे बसतात, म्हणून पॅलेटवाल्यांना ती सोयीची. पट्टीवाली गन हलकी पडते, अडचणीच्या जागी बरी जाते. पण पट्टीच्या खिळ्यांना २१, २८, ३० ते ३४ असे अंश असतात आणि एका अंशाची पट्टी दुसऱ्या गनमध्ये बसत नाही. म्हणून गन घेण्याआधी तुमच्या गावात तो खिळा बारा महिने मिळतो का, हे विचारा. खिळा मिळाला नाही तर गन नुसती भिंतीला टांगायची!

२. हवेचा हिशोब

गन साधारण ७० ते १२० पीएसआयवर चालते. तेवढं प्रेशर बहुतेक कंप्रेसर देतात. कमी पडतो तो हवेचा पुरवठा.

समजा मॅन्युअलमध्ये एका खिळ्याला ३ लिटर हवा लिहिली आहे. मिनिटाला ३० खिळे म्हणजे ९० लिटर. १ सीएफएम म्हणजे सुमारे २८ लिटर, म्हणजे ३ सीएफएमपेक्षा थोडं जास्त. दीडपट धरा, ५ सीएफएम. दोन गन असतील तर १०.

दुकानात विचारताना शब्द नीट वापरा. बरेच जण पिस्टन डिस्प्लेसमेंटचा आकडा सांगतात, तो मोठा दिसतो. तुम्ही "एफएडी किती?" असं विचारा. प्रत्यक्षात बाहेर मिळणारी हवा तीच.

३. ट्रिगर: इथे घासाघीस नाही

दोन प्रकार आहेत. बंप ट्रिगरमध्ये बोट दाबून ठेवायचं आणि गनचं तोंड लाकडावर टेकवत जायचं, प्रत्येक वेळी खिळा सुटतो. सिक्वेन्शियलमध्ये आधी तोंड टेकवायचं, मग ट्रिगर दाबायचा आणि प्रत्येक खिळ्याला ट्रिगर सोडून पुन्हा दाबायचा.

बंपमध्ये गन झटका मारून उडाली आणि परत टेकली की नको असलेला दुसरा खिळा सुटतो. समोर हेल्पर फळी धरून बसलेला असतो! अमेरिकेत ओशा आणि नायॉश या सरकारी संस्थांनी २०११ मध्ये नेल गनवर मार्गदर्शिका काढली. त्यात स्पष्ट लिहिलंय की बंप ट्रिगरमध्ये इजा होण्याचा धोका दुप्पट असतो.

"पण सर, स्पीड?" त्याच मार्गदर्शिकेत एक प्रयोग दिलाय. अनुभवी सुतारांनी दोन्ही ट्रिगर वापरून शेड बांधल्या. बंपने खिळे मारायचा वेळ १० टक्के वाचला, पण पूर्ण कामाच्या वेळेत तो फरक १ टक्क्याहून कमी होता. पॅलेटमध्ये खिळे जास्त, म्हणून फरक थोडा जास्त पडेल. तरी तेवढ्यासाठी कोणाचा हात पणाला लावायचा नाही. नवीन माणसाच्या हातात सिक्वेन्शियलच द्या.

परवडेल का?

समजा एका पॅलेटला ८० खिळे. हाताने एका खिळ्याला १० सेकंद, म्हणजे १३ मिनिटं. गनने २ सेकंद, म्हणजे ३ मिनिटांच्या आत. पॅलेटमागे १० मिनिटं वाचली. दिवसाला ४० पॅलेट असतील तर ४०० मिनिटं, म्हणजे साडेसहा तासांहून जास्त. जवळजवळ एका माणसाची पाळी! यातून गनच्या खिळ्यांचा जास्तीचा दर आणि वीज वजा करा. माझे आकडे वापरू नका. मोबाईलवर वेळ लावून तुमच्या शेडमधले आकडे काढा. दिवसाला पाचच पॅलेट होत असतील तर सध्या हातोडीच बरी.

शेडमध्ये भिंतीवर लावा

- चष्म्याशिवाय गन हातात नाही.
- दुसरा हात खिळ्यापासून किमान ३० सेंमी लांब. गाठीवर खिळा वळतो.
- चालताना बोट ट्रिगरवर नाही.
- खिळा अडकला की आधी होस काढा, मग हात घाला.
- तोंडाची स्प्रिंग काढायची किंवा बांधायची नाही.
- रोज सकाळी हवेच्या तोंडात न्यूमॅटिक तेलाचे दोन-तीन थेंब.
- ऑक्सिजन सिलिंडरला गन कधीच जोडायची नाही, स्फोट होतो.
- खिळा शरीरात घुसला तर ओढून काढू नका, तसंच हॉस्पिटल गाठा.

दुकानात जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या: फळीची जाडी, खिळ्याची लांबी, रोजचे खिळे आणि कंप्रेसरचा एफएडी. "सिक्वेन्शियल ट्रिगर आहे का?" हा पाचवा प्रश्न. या पाचांची उत्तरं मिळाली की मगच किंमत विचारा.