सुताराच्या मेजास शेगडा

लांकूड कापणें आणि तासणें ही सुतारकामाची अर्धी विद्या. तें निश्चल धरणें ही उरलेली अर्धी. या देशांत भुईवर बसून काम करणारा सुतार धरण्याचें काम पायांकडून करवून घेतो. मेजापाशीं उभ्यानें काम करणाऱ्यास ती सोय नसते. एका हातानें फळी दाबून दुसऱ्यानें पटाशी चालविली आणि ती सटकली, तर तिच्या वाटेंत प्रथम येतो तो धरणारा हातच. म्हणून जुन्या मेजासहि शेगडा, म्हणजे कारखान्यांत ज्यास व्हाइस म्हणतात तें साधन, जोडून घ्यावें. कल्पना नवी नव्हे. लंडनच्या जोसेफ मॉक्सननें सन १६७८ च्या सुमारास सुतारकामावर लिहितांना मेजाच्या अशा मळसूत्राचें वर्णन केलें आहे.

पहिला प्रश्न जागेचा. उजव्या हाताचा सुतार रंधा उजवीकडून डावीकडे ढकलतो. यास्तव शेगडा मेजाच्या पुढच्या कडेस, डाव्या टोंकाकडे व पायाच्या जवळ असावा. तेथें मेज कमी हादरतें. मात्र शेगड्याचें मळसूत्र व बाजूचे दोन गज पायास अडत नाहींत ना, हें भोंकें पाडण्यापूर्वींच पाहावें.

दुसरा प्रश्न उंचीचा. लोखंडी जबड्यांची वरची कड मेजाच्या पृष्ठभागाखालीं सुमारें अर्धा इंच राहावी. नाहीं तर रंध्याचें पातें लोखंडावर आपटून धार जाते. जबड्यांस आंतून लांकडी अस्तर लावून तें मेजाच्या सपाटीस आणावें. मेजाची फळी पातळ असल्यास तिच्या खालीं ठोकळा देऊन त्यावर शेगड्याची बैठक बसवावी. ठोकळ्याची जाडी हिशेबानें निघते. बैठकीपासून जबड्याच्या कडेपर्यंत ३ इंच असतील, तर त्यांत तो अर्धा इंच मिळवावा व फळीची जाडी, समजा २ इंच, वजा करावी. ठोकळा दीड इंचाचा हवा.

तिसरी गोष्ट बहुधा दुर्लक्षिली जाते. आंतला जबडा मेजाच्या कडेंत खांच करून असा बसवावा, कीं त्याचें अस्तर कडेशीं एका रेषेंत येईल. जबडा पुढें राहिल्यास लांब फळी कडेस टेकत नाहीं, आणि रंधा फिरूं लागतांच तिचें मोकळें टोंक थरथरतें.

शेगडा खिळ्यांनीं ठोकूं नये. ते धक्क्यांनीं सैल होतात. आरपार बोल्ट घालून त्यांचीं डोकीं फळींत खोल बसवावीं व वर लांकडी गुट्ट्या माराव्या. पुढें वापरतांना लहान तुकडा जबड्याच्या एकाच बाजूस धरावयाचा असेल, तर दुसऱ्या बाजूस तेवढ्याच जाडीचा तुकडा ठेवावा; म्हणजे जबडा तिरपा होत नाहीं.

एवढें झालें, कीं लांकूड धरण्यास हात गुंतत नाहीं. दोन्ही हात हत्यारावर आणि धारेच्या मागें राहतात, व काम सरळ उतरतें.