डिस्प्लेझिया म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि साधी सुपारी साधी नसते

शिफ्ट सुटली की पुण्याजवळच्या ताथवड्याच्या टपऱ्यांवर सुपारीच्या पुड्यांना गिऱ्हाईक लागतं. 'तंबाखू नाही, नुसती सुपारी आहे,' असं समर्थन ठरलेलं. पॅथॉलॉजी शिकणाऱ्यांनी आधी हाच गैरसमज खोडावा. तंबाखूविना सुपारीनेही कॅन्सर होतो, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

सुपारीतलं अरेकोलीन तोंडाच्या अस्तराखालच्या फायब्रोब्लास्ट पेशींना जास्तीचं कोलॅजन बनवायला लावतं. गाल आतून पांढुरका, ताठ होतो. बोट फिरवलं की कडक पट्टे लागतात. तिखट सोसत नाही, आणि हळूहळू उभी तीन बोटंही तोंडात जाईनाशी होतात. हा सबम्युकस फायब्रोसिस. तो कॅन्सर नाही, पण त्यातून कॅन्सर उद्भवू शकतो, आणि सुपारी सोडली तरी गाल सहसा पूर्ववत होत नाही.

बायोप्सीच्या रिपोर्टात 'डिस्प्लेझिया' वाचून घरचे हादरतात. यात पेशींचे आकार, केंद्रकं आणि मांडणी बिघडलेली असते. मात्र बिघाड अस्तराच्या तळपडद्याच्या वरच थांबलेला असतो. पेशी तो पडदा भेदून खाली घुसल्या, तरच कार्सिनोमा. मेटाप्लेझिया आणखी वेगळा: विडी ओढणाऱ्याच्या श्वासनलिकेत झुलत्या केसांच्या पेशींची जागा चपट्या पेशी घेतात. धूर थांबला तर हा बदल माघारी फिरू शकतो.

सूज म्हणजे जंतू, हेही खरं नाही. उन्हाने भाजलेली कातडी सुजते, फाउंड्रीतल्या सिलिकाच्या धुळीने फुप्फुसात दाह होतो; तिथे अँटिबायोटिक काय करणार? नावाच्या शेवटच्या 'ओमा'वरूनही फसू नये. लायपोमा निरुपद्रवी, मेलॅनोमा घातक, आणि ग्रॅन्युलोमा तर ट्यूमरच नव्हे.

टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये सवयींशी जोडलेल्या कॅन्सरवर शोधनिबंध लिहिला. त्यातलं एक उदाहरण धोतराचं: कमरेला धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट आवळलं की तिथली कातडी काळवंडते, जाड होते, चट्टे पडतात, आणि काहींना पुढे त्याच रेषेवर कॅन्सर होतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो तो नेहमीचाच स्क्वेमस सेल कार्सिनोमा. धोतराचा पत्ता काचेवर नसतो. म्हणून बायोप्सीसोबतच्या फॉर्मवर रुग्णाचा व्यवसाय, सवयी आणि तुकडा नेमका कुठून घेतला हे लिहायलाच हवं.