खर्ज हरवतो कुठे?

काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्‌झला बोलते. मोबाइलचा नखाएवढा स्पीकर त्यासाठी लागेल एवढी हवा हलवूच शकत नाही, म्हणून खर्जाचा पाया नाहीसा होतो. इअरफोन लावला तरी त्याची रबरी टोपी कानात सैल बसली, तर खर्ज फटीतून निसटतो. बोटाने ती हलकेच दाबून पाहा. आवाज एकदम भरीव झाला, की समजा माप चुकलंय. डबीतली मोठी टोपी चढवा. नवा महागडा इअरफोन घेण्याआधी हेच करा, असं मी आग्रहाने सांगेन. मग गाणी ऐकायच्या ॲपमधला आवाजाचा दर्जा सर्वांत वरचा ठेवा. बऱ्याच ठिकाणी तो ३२० केबीपीएस असतो. इक्वलायझरमध्ये खालचे सूर चढवण्यापेक्षा मधले थोडे उतरवा. मग तबल्याचा डग्गाही गढूळ न होता घुमतो.