गोव्याची आर्थिक कोंडी आणि समुद्राचे दार

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर लोहखनिजाने संपन्न आहे, हे जाणकारांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. तथापि एकविसाव्या शतकापर्यंत तेथे मोठ्या प्रमाणावर उत्खनन झाले नाही. जवळ रेल्वे नव्हती आणि बंदर तर शेकडो मैल दूर होते. खनिज भूगर्भात असणे निराळे व ते ग्राहकापर्यंत पोचणे निराळे. शत्रुसत्तेवर घातलेल्या आर्थिक निर्बंधांचे यशापयशही पुष्कळदा याच भेदावर अवलंबून असते. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध भारताने 1954 ते 1961 या काळात योजलेल्या उपायांवरून हे स्पष्ट होते.

सालाझार यांच्या हुकूमशाहीने 1951 मध्ये घटनादुरुस्ती करून आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले आणि गोव्याविषयी वाटाघाटीच नाकारल्या. भारताने जून 1953 मध्ये लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. पुढील वर्षी दोन भिन्न प्रसंग घडून आले, आणि त्यांची तुलना उद्‌बोधक आहे.

पहिला प्रसंग दादरा व नगर हवेलीचा. हा प्रदेश चोहोबाजूंनी भारतीय भूमीने वेढलेला होता. जुलै-ऑगस्ट 1954 मध्ये स्वयंसेवकांनी तो मुक्त केला. दमणहून कुमक पाठवावयाची तर भारतातून जाणे प्राप्त होते, आणि भारताने तो मार्ग नाकारला. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे धाव घेतली. 12 एप्रिल 1960 च्या निर्णयात न्यायालयाने खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांच्यापुरता मार्गाधिकार पूर्वीपासून होता असे मानले. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांना तो नव्हता. 1954 मध्ये भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, असेही न्यायालयाने ठरविले.

दुसरा प्रसंग गोव्याचा. 15 ऑगस्ट 1955 रोजी सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर भारताने राजनैतिक संबंध तोडले, रेल्वे वाहतूक थांबली आणि व्यापार व पैशांची ने-आण यांवर कडक बंधने आली. परंतु गोव्याच्या पाठीशी समुद्र होता. मुरगाव बंदरातून लोहखनिज जपान व पश्चिम जर्मनीकडे जाऊ लागले आणि त्या उत्पन्नातून अन्नधान्य व इतर माल परदेशांतून येऊ लागला. कोंडीची झळ राज्यकर्त्यांपेक्षा मुंबईत नोकरी करून घरी पैसे धाडणाऱ्या गोमंतकीयांना व त्यांच्या कुटुंबांना अधिक लागली. ज्यांच्या मुक्तीसाठी हा उपाय योजला, त्यांनाच त्याची किंमत मोजावी लागली. निर्बंधांच्या नीतीतील हा पेच दुर्लक्षणीय नाही.

पोर्तुगालची दुसरी भिस्त मित्रराष्ट्रांवर होती. 1949 मध्ये स्थापन झालेल्या नाटो संघटनेचा तो संस्थापक-सदस्य होता, आणि ब्रिटनशी त्याचा 1373 पासून मैत्रीचा तह होता. 2 डिसेंबर 1955 च्या संयुक्त निवेदनात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी ‘पोर्तुगीज प्रांत’ असा उल्लेख केल्याने भारतात तीव्र नाराजी उसळली. परंतु नाटो कराराच्या सहाव्या कलमानुसार सामुदायिक संरक्षणाचे क्षेत्र मुख्यतः युरोप, उत्तर अमेरिका व उत्तर अटलांटिक यांपुरते मर्यादित होते. गोवा त्याबाहेर होता. ब्रिटनही लढावयास आले नाही. मित्रांची सहानुभूती आणि मित्रांचे सैन्य यांतील अंतर लिस्बनला उशिरा उमगले.

17-18 डिसेंबर 1961 च्या रात्री भारतीय सैन्य पुढे सरले आणि 19 तारखेस गव्हर्नर-जनरल व्हासालु इ सिल्वा शरण आले. सुरक्षा परिषदेत युद्धबंदीच्या ठरावास सात मते अनुकूल पडली, चार प्रतिकूल. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने तो बारगळला. भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले ते हुकूमशाही कोसळल्यावर, 1974 च्या अखेरीस झालेल्या करारान्वये.

दादरा-नगर हवेलीत मार्ग रोखणे पुरेसे ठरले. गोव्यात मात्र सहा वर्षे व्यापार रोखूनही राजवट टिकली, आणि अखेर निर्णय शस्त्रानेच झाला. एकच सत्ता, एकच काळ, परंतु भूगोल भिन्न. म्हणून कोणत्याही निर्बंधाचे मूल्यमापन करताना कोणते मार्ग बंद झाले याबरोबरच कोणते उघडे राहिले, आणि बंद दाराच्या आत नेमके कोण अडकले, हेही तपासले पाहिजे.