मैलांसाठी उडणारी माणसं

शनिवारी पहाटे न्यूआर्कहून निघायचं, सॅन फ्रान्सिस्कोला उतरायचं, विमानतळाच्या दाराबाहेर पाऊलही न टाकता पुढचं विमान पकडायचं आणि रात्री जेवायला घरी. काम नाही, कुणाला भेटायचं नाही, गोल्डन गेट बघायचा नाही. जाऊन-येऊन पाच हजारांवर मैल खात्यात जमा झाले की मोहीम फत्ते. याला ‘माइलेज रन’ म्हणत. अमेरिकेत हा प्रकार तीसेक वर्षं चालला. तो करणारे लोक खुळे नव्हते. त्यातल्या बहुतेकांचं गणित विमान कंपन्यांपेक्षा पक्कं होतं. आता हा खेळ जवळजवळ आटोपलाय.

1978 पर्यंत अमेरिकेतलं विमानभाडं सरकार ठरवायचं. सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड नावाचं मंडळ होतं आणि त्याचा हिशेब मुख्यतः अंतरावर चाले, आपल्याकडे एसटीचं तिकीट टप्प्यांवर ठरतं तसा. त्या ऑक्टोबरात जिमी कार्टर यांनी नियंत्रणं उठवणाऱ्या कायद्यावर सही केली आणि भाडं मोकळं सुटलं. ज्या मार्गावर स्पर्धा जास्त तिथे लांबचं तिकीट स्वस्त, जिथे एकच कंपनी तिथे जवळचं महाग. अंतर आणि पैसा यांची फारकत झाली.

गंमत पुढे आहे. 1 मे 1981 रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘ॲडव्हान्टेज’ योजना काढली. आठवड्याभरात युनायटेड मागोमाग आली. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून द्यायचं हे बक्षीस कशावर मोजायचं? तर अंतरावर. म्हणजे भाडं अंतरापासून सुटून तीन वर्षं होत नाहीत, तोच बक्षीस अंतराला बांधलं गेलं. पुढची सगळी कहाणी या एका फटीतली आहे. जिथे मैल जास्त आणि डॉलर कमी, तिथे हुशार माणूस पोचणारच.

योजनेचा खरा नेम मात्र वेगळाच होता. कामानिमित्त उडणाऱ्या माणसाचं तिकीट त्याची कंपनी काढते, मैल मात्र त्याच्या स्वतःच्या नावावर पडतात. पैसे एकाचे, मोह दुसऱ्याला, अशी ती रचना. 2002 साली अमेरिकेच्या आयकर खात्यानेही सांगून टाकलं की अशा मैलांवर कर लावायच्या मागे आम्ही लागणार नाही. त्या वर्षांत न्यू जर्सी, शिकागो, बे एरियातली कितीतरी मराठी कन्सल्टंट मंडळी सोमवारी पहाटे क्लायंटच्या गावी जायची आणि गुरुवारी रात्री परतायची. वर्षाअखेरीस त्यांच्या खात्यात मैलांचा ढीग असे, आणि ‘स्टेटस’ही.

या स्टेटसमुळेच माणसं रिकामी उडायला लागली. मैल दोन प्रकारचे. एक खर्चायचे, ज्यांवर फुकट तिकीट मिळे. दुसरे दर्जा ठरवणारे. बड्या कंपन्यांत साधारण 25 हजारांना पहिली पायरी, 50 हजारांना दुसरी, एका लाखाला शिखर. दर्जा असला की लाउंज, पुढच्या वर्गात अपग्रेड, विमान चुकलं तर फोनवर पटकन उत्तर देणारं माणूस आणि भारतात जाताना एक जादा बॅग. (ही शेवटची सवलत मराठी घरात अपग्रेडपेक्षा मोलाची ठरायची, कारण येताना लोणची-मसाले-भाजणीचं वजन कमी करायला कुणीच तयार नसतं.) पण 31 डिसेंबरला पाटी कोरी. 97 हजारांवर अडकलेल्या माणसाला तीन हजार मैल कमी पडले तर सगळं वर्ष खालच्या पायरीवर. म्हणून डिसेंबरचे शनिवार-रविवार हा या मंडळींचा हंगाम.

तयारी बारकाईने होई. एमआयटीतल्या मंडळींनी 1996 मध्ये काढलेल्या आयटीए सॉफ्टवेअर कंपनीचं तिकीट शोधायचं पान होतं. पुढे 2011 मध्ये गूगलने ही कंपनी विकत घेतली. त्या पानावर ‘या गावावरून वळवून ने’, ‘इथे दोनदा थांबव’ अशा सूचना सांकेतिक अक्षरांत देता येत. भाड्याच्या नियमात बसेल तितका वळसा घ्यायचा, कारण सरळ जाणाऱ्याला मैल कमी. मोजमाप एकच: एका मैलाला किती सेंट पडले. दोनशे डॉलरमध्ये न्यूआर्क–सॅन फ्रान्सिस्को परतीचं तिकीट मिळालं, तर 5,130 मैलांना जेमतेम चार सेंटचा भाव. वरच्या दर्जाच्या माणसाला खर्चायचे मैल दुप्पट मिळत, म्हणजे त्याला दोन सेंटही पडत नसत. आणखी एक नियम लाडका होता: टप्पा कितीही छोटा असो, अनेक योजनांत किमान 500 मैल धरले जात. होनोलुलूहून माउई बेट जेमतेम शंभर मैल. पण खात्यात पाचशे.

प्रवास कसला, नुसती ये-जा. हातात लॅपटॉपची बॅग, दुसरं सामान नाही. गेटवर पोचल्यावर बऱ्याचदा तेच विमान, तेच वैमानिक, तेच कर्मचारी परत निघालेले. आत्ता उतरलेला माणूस पुन्हा रांगेत बघून गेटवरची बाई विचारायची, काही विसरलंत का आत? नाताळच्या गर्दीत तिकिटं जास्त विकली गेली असतील तर दुधात साखर. ‘कुणी जागा सोडेल का?’ अशी हाक आली की हा गडी सगळ्यांच्या आधी काउंटरवर. याला घाई कसली? व्हाउचर घ्यायचं, पुढच्या विमानाने जायचं, मैल तेवढेच.

न उडता मैल मिळवायच्या वाटाही निघाल्या. 1999 मध्ये डेव्हिड फिलिप्स या कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरने एका खाद्यपदार्थ कंपनीची लेबलांच्या बदल्यात मैल देणारी जाहिरात नीट वाचली आणि 12,150 पुडिंगचे कप घेतले. खर्च सुमारे 3,140 डॉलर, मिळकत साडेबारा लाख मैल. लेबलं सोलायला माणसं पुरेनात, तेव्हा पुडिंग साल्व्हेशन आर्मीला दान करून त्यांच्याच स्वयंसेवकांकडून लेबलं काढून घेतली, वर दानावर करसवलतही मिळवली. मला या गोष्टीत लबाडी दिसत नाही. कंपनीने भाव जाहीर केला होता, याने माल उचलला.

कंपन्यांना मात्र हे खुपत होतं, आणि 2014 साली दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या. फेब्रुवारीत डेल्टाने जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून मैल अंतरावर नाही, भरलेल्या डॉलरांवर मिळतील. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. रब्बी बिन्यामिन गिन्सबर्ग यांना नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने फार तक्रारी करतात म्हणून योजनेतून काढलं होतं. ते न्याय मागायला गेले होते. न्यायालयाने एकमताने सांगितलं की 1978 च्या कायद्यापुढे असा दावा टिकत नाही. ज्या कायद्याने भाड्याला मोकळं सोडून मैलवाल्यांना फट दिली, त्याच कायद्याने त्यांच्यासाठी कोर्टाचा हा दरवाजा लावून घेतला. मैल तुमचे नाहीतच, कंपनीने ठेवायला दिलेले आहेत, हे तोवर करारात बारीक अक्षरांत होतं. आता ते ठळक झालं.

डेल्टापाठोपाठ डॉलरांच्या हिशेबावर 2015 च्या मार्चमध्ये युनायटेड आली, 2016 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन. साध्या सभासदाला डॉलरमागे पाच मैल, सर्वांत वरच्याला अकरा. त्या दोनशे डॉलरच्या तिकिटावर पूर्वी शिखरावरच्या माणसाला दहा हजारांवर मैल मिळत. आता कर वजा जाता दोन हजार आले तरी पुष्कळ. दर्जाचं मोजमाप थोडं रेंगाळलं, पण 2024 च्या जानेवारीपासून डेल्टाने तिथूनही अंतर हद्दपार केलं. नाव मात्र ‘माइल्स’च राहिलं.

तोवर मैल बँकेत गेले होते. कंपन्या मैल छापतात, क्रेडिट कार्डवाल्या बँका ते घाऊक विकत घेतात, ग्राहक किराणा भरून ते मिळवतो. 2023 मध्ये डेल्टाला एकट्या अमेरिकन एक्सप्रेसकडून 6.8 अब्ज डॉलर मिळाले. कोविडमध्ये विमानं जमिनीवर असताना युनायटेडने कर्जासाठी गहाण टाकली ती मैलांची योजनाच. स्वस्तात जागा भरणाऱ्या शनिवारच्या गिऱ्हाइकाची या धंद्यात गरज उरली नव्हती.

भारतात हा खेळ फारसा रुजला नाही. मुंबई–दिल्ली सातशे मैलांच्या आसपास, त्यात मैल ते किती जमणार? शिवाय सर्वांत मोठी झालेली इंडिगो 2006 पासून 2024 पर्यंत स्वतःच्या अशा योजनेविनाच वाढली. किंगफिशर 2012 मध्ये बंद पडली तेव्हा तिचे पॉइंट हवेत विरले. जेट 2019 च्या एप्रिलमध्ये थांबली, पण तिची योजना आधीच वेगळ्या कंपनीत गेल्यामुळे ती ‘इंटरमाइल्स’ नावाने मागे उरली.

या हौसेचा धूर कुणाच्या नाकात जातो, हा प्रश्न उशिरा आला. ‘विमान तसंही उडणारच होतं’ हे मैलवाल्यांचं ठरलेलं उत्तर मला कधी पटलं नाही. भरलेल्या जागा बघूनच पुढचं वेळापत्रक आखतात. 2019 मध्ये ब्रिटनच्या हवामानविषयक समितीसाठी इम्पीरियल कॉलेजमध्ये तयार झालेल्या अहवालाने अशा योजनांवर बंदीच सुचवली. नॉर्वेने ती देशांतर्गत प्रवासापुरती 2002 ते 2013 अशी घातलीही होती, पण कारण स्पर्धेचं होतं, हवेचं नव्हे.

आणि तरीही 2024 च्या ऑक्टोबरात स्कँडिनेव्हियाच्या एसएएसने स्कायटीम गटात शिरल्याच्या आनंदात घोषणा केली: वर्षाअखेरपर्यंत गटातल्या 15 कंपन्यांच्या विमानांतून उडा, दहा लाख पॉइंट घ्या. विमानाने जायची लाज वाटावी यासाठी ज्या स्वीडनने ‘फ्लिगस्काम’ हा शब्द जगाला दिला, त्याच स्वीडनशी नातं सांगणारी ही कंपनी. एअर फ्रान्स, केएलएम, केनिया एअरवेज, सौदिया, व्हर्जिन अटलांटिक या मुंबईत उतरणाऱ्या कंपन्याही त्या यादीत होत्या. जुने मैलवाले जगाचा नकाशा पसरून बसले, तीन महिन्यांत अर्जेंटिनापासून इंडोनेशियापर्यंत कोणत्या क्रमाने बसायचं याची कोष्टकं निघाली, आणि ज्यांनी पंधरा पूर्ण केल्या त्यांच्या खात्यात दहा लाख पॉइंट पडले.