भांडण एडिंबरोचं, वाटणी मराठवाड्याची

बीड जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती विरळच. आष्टी-कड्याची सगळी वहिवाट नगरकडे. बाजार नगरचा, दवाखाना नगरचा, सोयरीकही बहुतेक तिकडचीच. गेवराईकडच्या माणसाला शहागडला गोदावरी ओलांडली की जालना गाठता येतं. आंबेजोगाई-परळीचा ओढा लातूर-उदगीरकडे आणि तिथून पुढे बिदरकडे. एकोणिसाव्या शतकात या तिन्ही दिशांना वेगवेगळ्या मिशनांनी ठाणी मांडली होती. नगरला काँग्रिगेशनल परंपरेचं अमेरिकन मराठी मिशन होतं, जालन्याला प्रेसबिटेरियन परंपरेचं स्कॉटलंडचं फ्री चर्च, बिदरला अमेरिकन मेथडिस्ट. कुणाच्या मुलखात कुणी शिरायचं नाही, असा मिशनांचा आपसातला शिरस्ता. हेतू चांगला होता, भांडणं टाळायची होती. पण त्यातून असं झालं की माणूस काँग्रिगेशनल होणार, प्रेसबिटेरियन होणार की मेथडिस्ट, हे त्याच्या श्रद्धेपेक्षा त्याच्या गावाचा रस्ता कुठे जातो यावर ठरू लागलं. नंतरच्या पिढ्यांना तोच पंथ वाडवडिलांचा वाटू लागला.

जालन्याचं उदाहरण तर मासलेवाईक आहे. स्कॉटलंडमध्ये १८४३ साली एडिंबरोला राष्ट्रीय चर्च फुटलं. वादाचं मूळ होतं गावचा पाळक कुणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने. साडेचारशेहून अधिक पाळक बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढलं. मुंबईतले स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारी फ्री चर्चकडे गेले. त्यापायी शाळेची नवी इमारत जुन्या चर्चच्या हवाली करावी लागली. ज्या जमीनदारांचं नावही इथे कुणी ऐकलं नव्हतं, त्यांच्यावरून मुंबईत मालमत्तेची वाटणी! त्याच १८४३ सालात नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे निजामाच्या मुलखात, जालन्याजवळ, त्यांनी बेथेल हे गाव वसवलं. तिथे आलेली माणसं मुख्यतः मांग आणि महार समाजातली. त्यांच्या लेखी जमीनदार म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पण त्यांच्या मंडळीच्या नावात एडिंबरोच्या भांडणाची खूण कायमची बसली. याच शेषाद्रींनी १८७३ साली न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत भाषण केलं. ही परिषद निरनिराळ्या प्रॉटेस्टंट पंथांना एकत्र आणण्यासाठीच भरली होती. ऐक्याच्या परिषदेत बोलायला जालन्याहून माणूस न्यूयॉर्कला गेला, आणि जालन्याच्या अन् नगरच्या मंडळ्या एका छताखाली यायला त्यानंतर आणखी पन्नास वर्षं लागली.

नगरमध्ये तर मुलूखवाटणीचा शिरस्ताही टिकला नाही. १८७० च्या दशकात अँग्लिकनांचं एस.पी.जी. मिशन तिथे आलं आणि अमेरिकन मिशनने तक्रार केली की हे आमचं शेत आहे. एकाच शहरात दोन शाळा झाल्या, दोन उपासना झाल्या. पुढच्या कितीतरी कुरबुरींची बीजं तिथलीच. माझ्या मते या काळातले बरेच मतभेद धर्मशास्त्राचे नव्हतेच. ते पगाराचे, शाळेचे आणि अधूनमधून जातीचे होते. पवित्र भोजनाच्या मेजाशी महार कुटुंबाने मांग कुटुंबाशेजारी बसायचं की नाही, हा प्रश्न कुठल्याही मतांगिकारात लिहिलेला नव्हता. तरी मंडळ्यांना तो पुरून उरला.

कवी नारायण वामन टिळकांचा प्रसंग मात्र वेगळा, आणि मतभेद कसा हाताळावा हे पाहायला मोठा उपयोगी. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१७ साली ते अमेरिकन मराठी मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. मिशनच्या दृष्टीने हा पायालाच हात होता. तरीही मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा मराठी विभाग त्यांच्याकडून काढून घेतला गेला नाही, १९१९ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ते संपादक राहिले. नोकरी सुटली, मत पटलं नाही, तरी लेखणी काढून घ्यावी असं मिशनला वाटलं नाही. आजच्या पास्टरेट कमिट्यांनी हा एवढा प्रसंग तरी वाचावा.

एकीची पहिली खरी पायरी १९२४ ची. त्या वर्षी प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं. आष्टीची वाट जिकडे जाते ते नगर आणि गेवराईची वाट जिकडे जाते ते जालना, कागदावर तरी एक झाले. नाशिकला अँग्लिकनांचा वेगळा धर्मप्रांत १९२९ मध्ये निघाला. त्याच वर्षी लखनौला मोठ्या ऐक्याची बोलणी सुरू झाली आणि ती ४१ वर्षं चालली. दक्षिणेत १९४७ मध्येच ऐक्य झालं होतं. उत्तरेत घोडं अडलं ते दोन जागी, बिशप आणि बाप्तिस्मा.

बिशपाचा हात डोक्यावर नसेल तर दीक्षा पुरी कशी, असं अँग्लिकन म्हणत. आमच्या पाळकांनी इतकी वर्षं दिलेलं प्रभुभोजन खोटं होतं का, असं काँग्रिगेशनलवाले विचारत. दोघांचंही बरोबरच. दक्षिणेत जुने पाळक आहेत तसे स्वीकारून तीस वर्षांची मुदत ठेवली होती. उत्तरेच्या योजनेने वेगळी तोड काढली. सर्व मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवायचे, आणि ज्याच्यात जे उणं असेल ते देवाने भरून काढावं एवढीच प्रार्थना करायची. उणं कुणात, किती, आहे की नाही, यावर अक्षर लिहायचं नाही. ज्याला ही नवी दीक्षा वाटते त्याने तसं मानावं, ज्याला वाटत नाही त्याने तसं. टीकाकारांनी याला पळवाट म्हटलं. मला तो शहाणपणा वाटतो. जिथे एकमत होणं शक्यच नव्हतं तिथे त्यांनी शब्दांचा हट्ट सोडला आणि कृती एकत्र केली.

बाप्तिस्म्याचंही तसंच. बॅप्टिस्ट, डिसायपल्स आणि ब्रेदरन बालबाप्तिस्मा मानत नव्हते. बाकीचे मानत होते. ठरलं असं की दोन्ही रीती चालतील. एका घरात बाळाच्या कपाळावर पाणी पडेल, दुसऱ्या घरात पोरगं मोठं झाल्यावर विश्वास कबूल करून पाण्यात उतरेल, आणि दोघं एकाच मेजाशी बसतील. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा मंडळ्यांचं मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. मेथडिस्टांपैकी ब्रिटिश परंपरेचे आत आले. अमेरिकन परंपरेचे मात्र काही महिने आधी, अगदी ऐनवेळी, बाजूला झाले. म्हणजे बीडच्या भोवतालचं पाहिलं तर नगर, नाशिक, जालना एका घरात आले आणि बिदरची दिशा बाहेरच राहिली.

दोनच वर्षांत १९७२ चा दुष्काळ आला. या ऐक्याची खरी परीक्षा मला त्यात दिसते, सिनडच्या ठरावांत नाही. तयारी आधीपासून होती. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट संस्थांनी मिळून १९६६ मध्ये अन्नोत्पादनाच्या आणि पाण्याच्या कामासाठी ‘ॲफप्रो’ ही संस्था उभी केली होती. जालन्याच्या स्कॉटिश मिशनने त्याच सुमारास कातळ फोडणारी बोअरची यंत्रं आणली. पण बोअर लागला तरी ओतीव लोखंडाचे घरगुती पंप गावकीच्या वापरात आठवड्या-पंधरवड्यात मोडत. सांधे झिजत, दांडा निखळे. मग जालन्यात पोलादी, एकाच खिळीवर फिरणाऱ्या दांड्याचा पंप तयार झाला. सोलापुरात तो सुधारला, आणि त्याच वाटेने पुढे इंडिया मार्क टू हा हातपंप आला. मराठवाड्याच्या गावागावांत ज्याला हापसा म्हणतात तो हाच. आज तो दाबणाऱ्या बाईला त्याच्यामागे फ्री चर्च आहे की काय, याची गंधवार्ताही नसते. आणि ते ठीकच आहे.

कॅथलिकांशी दुरावा कमी होण्याला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने वाट करून दिली. १९६४ मध्ये एकीकरणाचा हुकूमनामा निघाला, उपासना मराठीत आली. औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत १९७७ मध्ये वेगळा झाला. बीड त्यातच येतं. जानेवारीच्या १८ ते २५ तारखांना ऐक्य सप्ताहात कुठे कुठे दोन्हीकडचे लोक एकत्र प्रार्थना करतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तर त्याच्याही आधीपासून ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाने हे काम केलं होतं. टिळकांचं पद गाताना कुणी कुणाला पंथ विचारत नसे.

मग बिघडलं कुठे? जमिनीपाशी. मिशनांनी मागे ठेवलेले बंगले, शाळा, दवाखाने शहरांच्या मधोमध आले, भाव वाढले, आणि ऐक्याच्या ठरावांवर वकिलांची नजर गेली. ३० सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या ब्रेदरन मंडळीच्या खटल्यात निकाल दिला की निव्वळ ठरावाने सार्वजनिक न्यासाची मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही. या खटल्यात लागू झालेला सार्वजनिक न्यास कायदा मूळ मुंबई राज्याचा, १९५० चा, म्हणून महाराष्ट्रातही त्याचे पडसाद उमटले. बाप्तिस्म्यावर तडजोड झाली, बिशपावर झाली. सातबाऱ्यावर काही होईना. करिंथकरांना पौलाने भावाभावांच्या कोर्टकज्ज्यांबद्दल जे झाडलं होतं, ते नव्याने सांगण्याची वेळ आली.

आता वादाची जागा पुन्हा सरकली आहे. लहान गावांत भाड्याच्या खोलीत भरणारी स्वतंत्र प्रार्थनाघरं वाढली आहेत. तिथले पास्टर जुन्या मंडळीतल्या तरुणाला सांगतात, लहानपणीचा बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे, पुन्हा घे. मंडळीचे वडील चिडतात, नाव कमी करतात. नागपूरच्या तडजोडीत या प्रश्नाचं उत्तर आहे. पण या पास्टरांपैकी कुणीही त्या मेजाशी बसलेलं नव्हतं आणि त्यांना तिथे बोलवायचं तर आधी जुन्या मंडळीच्या पाळकाने स्वतः त्यांच्या खोलीपर्यंत चालत जायला हवं. आष्टी-गेवराईत हे अंतर फार तर एका गल्लीचं असतं.